कुकडीच्या काठी सुमात्राची राख

पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगाव आलं की कुणाला टोमॅटोचा बाजार आठवतो, कुणाला द्राक्षं, तर जुन्या माणसांना तमाशाच्या राहुट्या आणि विठाबाई. नारायणगावाला खेटूनच वारूळवाडी आहे. दोन्ही गावं आता इतकी एकमेकांत मिसळलीत की बाहेरच्या माणसाला कुठलं कुठे संपतं ते कळत नाही. पण नाव मात्र लक्षात राहतं. वारूळ म्हणजे वाळवीनं कणाकणानं खालून वर आणलेली माती. जमिनीच्या पोटात काय आहे याची खूण म्हणून वारुळाकडे बघायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त पाणी कुठे लागेल हे ओळखायच्या ज्या खुणा दिल्या आहेत, त्यांत वारूळही आहे.

या लेखाचा विषय असाच, जमिनीतून वर डोकावणाऱ्या एका खुणेचा आहे. वारूळवाडीहून पूर्वेकडे, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अंगानं गेलं, की वीस किलोमीटरांच्या आत कुकडीकाठचं बोरी बुद्रुक लागतं. तिथे नदीनं कापलेल्या गाळाच्या दरडीत, माती आणि खडीच्या थरांमध्ये, एक पांढुरका-राखाडी, भुसभुशीत थर आहे. चिमटीत धरून चोळला तर पिठासारखा वाटतो, पण किंचित करकरतो. ती करकर काचेची आहे. ही ज्वालामुखीची राख आहे, आणि ती महाराष्ट्रातली नाही. ती आली सुमात्रा बेटावरच्या टोबा नावाच्या ज्वालामुखीतून, इथून सरळ रेषेत मोजलं तरी सव्वातीन हजार किलोमीटरांवरून.

ही राख सापडल्यावर तिचं वय किती यावरून जो वाद सुरू झाला, तो तीन दशकं चालला. वरकरणी तो भूशास्त्रज्ञांचा आपापसातला वाद होता. पण त्यावर अवलंबून होतं ते असं: या नदीकाठी दगडी हातकुऱ्हाड घेऊन उभा राहिलेला माणूस किती जुना?

इथला दगड, तिथली राख

'सह्याद्री ज्वालामुखीतून झाला' हे आपण शाळेत शिकतो. त्यामुळे जुन्नरला ज्वालामुखीची राख सापडली यात नवल ते काय, असं कुणालाही वाटेल. पण दख्खनचा ज्वालामुखी आणि टोबा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे शंकूच्या आकाराचा एखादा डोंगर फुटला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहत राहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. शिवनेरीचे कडे, नाणेघाट, तुळजा आणि मानमोडीची लेणी ज्यात कोरली ते कातळ, सगळं या थरांचंच. म्हणून सह्याद्रीत ज्वालामुखीचं तोंड शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. राज्यातलं जे सर्वांत प्रसिद्ध विवर, ते लोणारचं, तेही एके काळी ज्वालामुखीचं मानलं जायचं. प्रत्यक्षात ते उल्कापातानं झालेलं निघालं.

बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण निम्मी असते. असा रस पातळ असतो, त्यातले वायू फारशी खळखळ न करता निघून जातात. टोबाच्या रसात सिलिका पाऊण हिश्श्याच्या आसपास होती. सिलिका वाढली की रस घट्ट होतो. उसाचा रस उकळताना बुडबुडे सहज फुटतात. तोच रस गुळाच्या पाकावर आला की बुडबुडा आतच कोंडतो आणि मग फटकन उडून हात भाजतो. टोबाचंही तसंच. कोंडलेल्या वायूनं घट्ट रसाचा फेस झाला, फेस फुटला, आणि फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती गोठून त्यांच्या काचा झाल्या. बोरीची राख सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर या वाकड्या, पातळ, धारदार काचा दिसतात. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक. म्हणूनच त्या वाऱ्यावर इतक्या दूर आल्या. इथल्या काळ्या दगडातून अशी काच निघूच शकत नाही. ही राख पाहुणी आहे हे तिच्या घडणीवरूनच कळतं.

काळाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब करून पाहू. दख्खनचा लाव्हा बरोबर एक वर्षापूर्वी वाहिला असं धरलं, तर टोबाची राख पडून दहाच तास झालेत, आणि जुन्नरची लेणी कोरायला सुरुवात होऊन जेमतेम पाव तास.

काहील की पेव?

टोबाला भूशास्त्रात 'कॅल्डेरा' म्हणतात. मूळ शब्द स्पॅनिश, अर्थ मोठी कढई. गुऱ्हाळ पाहिलेल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला त्यासाठी 'काहील' हा शब्द सहज सुचेल, आणि आकारापुरता तो चपखल आहे: उथळ, पसरट, कडा उभ्या. पण हा आकार कसा झाला ते समजून घ्यायला काहिलीपेक्षा पेव बरं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आतलं धान्य उपसलं आणि वरचं छत कमकुवत असलं, तर छत खाली बसतं. कॅल्डेरा म्हणजे हेच. डोंगर आपल्या माथ्यावरून उडतो आणि खड्डा पडतो अशी आपली समजूत असते. खरं तर खालचा रस संपतो आणि आधार गेलेली जमीन आत कोसळते.

टोबाचं हे कोसळलेलं छत सुमारे १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद आहे. पुण्यातून सरळ उत्तरेला निघून संगमनेर तालुक्यात शिरावं एवढी त्याची लांबी, आणि जुन्नरहून बेल्ह्याच्या आसपास पोहोचावं एवढी रुंदी. इतक्या मोठ्या खड्ड्यात उभ्या असलेल्या माणसाला तो खड्डा आहे हे दिसत नाही. त्याला दिसतं ते सरोवर आणि भोवतीचे डोंगर. टोबा सरोवर ५०० मीटरहून जास्त खोल आहे, आणि जगातल्या ज्वालामुखीजन्य सरोवरांत सर्वांत मोठं. १९२० आणि ३०च्या दशकांत डच भूशास्त्रज्ञ फान बेमेलेन यांनी या प्रदेशाचा अभ्यास करून ही खोलगट जागा जमीन खचून झाली आहे आणि तिच्यामागे ज्वालामुखी आहे, असं मांडलं.

सरोवराच्या मधोमध सामोसिर नावाचं बेट आहे. बाताक लोकांची तिथे वस्ती आहे, भातशेती आहे. या बेटाच्या अंगावर सरोवराच्या तळाचा गाळ सापडतो. म्हणजे हे बेट एके काळी तळाशी होतं. उद्रेकानंतर खालून पुन्हा रस भरू लागला, दाब वाढला आणि कोसळलेलं छत शेकडो मीटर वर उचललं गेलं. रिकामं झालेलं पेव पुन्हा भरू लागलं, असं म्हणा.

हा रस येतो कुठून? सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रात एक खोल घळ आहे. तिथे आपला भूपट्ट सुमात्राखाली शिरतो. २६ डिसेंबर २००४ रोजी याच सीमेवर जमीन हलली आणि त्सुनामी आली. खाली गेलेल्या पट्टातलं पाणी वरच्या तप्त खडकात मिसळतं, खडक वितळतो, रस तयार होतो. 'आपला' भूपट्ट हे शब्दशः घ्यायचं. जुन्नर ज्याच्यावर उभं आहे, त्याचाच दुसरा काठ तिथे बुडतो आहे.

टोबा एकदाच फुटला असंही नाही. सुमारे आठ लाख वर्षांपूर्वी एक मोठा उद्रेक झाला, पाच लाख वर्षांपूर्वी त्याहून लहान, आणि सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी शेवटचा आणि सर्वांत मोठा. या शेवटच्या उद्रेकात बाहेर पडलेल्या रसाचा नेहमी दिला जाणारा अंदाज २,८०० घन किलोमीटरचा आहे. तो महाराष्ट्रभर सारखा पसरला तर नऊ मीटरचा, म्हणजे तीस फुटांचा थर होईल. १८१५ साली तांबोरा फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. टोबाचा रस त्याच्या कित्येक पटींनी जास्त होता. सुमात्रावर किमान २० हजार चौरस किलोमीटर जमीन तप्त राखेच्या लोंढ्याखाली गेली. हलकी राख मात्र वर चढली. पावसाळ्याच्या महिन्यांत भारतावर खालचे वारे नैर्ऋत्येकडून येतात, पण फार उंचावर ते पूर्वेकडून वाहतात. टोबाची राख दक्षिण चीनच्या समुद्रातही सापडते आणि अरबी समुद्रातही. त्यावरून उद्रेक पावसाळ्यात झाला असावा असा काही अभ्यासकांचा कयास आहे. हीच राख २०१३ साली आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळातही ओळखली गेली.

बोरीचा शोध

भारतीय जमिनीवर ही राख प्रथम ओळखली गेली ती मध्य प्रदेशात, शोण नदीच्या खोऱ्यात, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. पुढे काही वर्षांत बोरी पुढे आलं.

पश्चिम महाराष्ट्रात अश्मयुगीन माणूस नव्हताच, असा एक समज स्वातंत्र्यापूर्वी होता. इथला कठीण काळा दगड, दाट जंगल, त्यात माणूस कसा राहील? ह. धी. सांकळिया यांनी नाशिकजवळ गंगापूरला आणि नेवाशाला काम करून तो समज मोडला. पुण्याचं डेक्कन कॉलेज त्यानंतर या नद्यांच्या मागे लागलं. शरद राजगुरू यांनी तिथे नद्यांचा गाळ वाचायची एक परंपराच उभी केली. कुठला थर पुराचा, कुठला संथ पाण्याचा, कुठल्या काळात नदी गाळ टाकत होती आणि कुठल्या काळात आपलंच पात्र कापत होती, हे समजल्याशिवाय त्यात सापडलेल्या दगडी हत्याराला अर्थ नाही, हा त्यांचा आग्रह. याच परंपरेतल्या संशोधकांनी बोरीला आधी हातकुऱ्हाडी नोंदवल्या आणि मग राख.

राख सापडणं ही पुरातत्त्वज्ञांना लॉटरीच. नदीच्या गाळात वय सांगणारी वस्तू सहसा नसते. हाडं टिकत नाहीत, लाकूड कुजतं, कार्बनची पद्धत ५० हजार वर्षांच्या आसपास संपते. राख मात्र एका ठरावीक उद्रेकाची असते. तिचं वय कळलं की तिच्या खालचं सगळं जुनं आणि वरचं सगळं नवं, असा साधा हिशेब.

वय ठरवायचं कसं?

पहिलं वय आलं १९८०च्या दशकाच्या अखेरीस: सुमारे १४ लाख वर्षं. पोटॅशियमचं हळूहळू आरगॉन वायूत रूपांतर होतं, तो किती साठला यावरून हे वय काढतात. रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा, राजगुरू आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ या कामात होते. हे वय खरं असेल, तर बोरीचा माणूस भारतातला सर्वांत जुना ठरत होता. १९९५ मध्ये त्याच पद्धतीच्या सुधारित रूपानं मोजल्यावर आकडा खाली आला: ६ लाख ७० हजार. तरीही हातकुऱ्हाडीचा भारतातला तो फार जुना पुरावा ठरत होता आणि लेखाचं शीर्षकही तसंच होतं.

दरम्यान दुसरा पक्ष उभा राहिला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या आचार्य आणि बसू यांनी १९९३ मध्ये देशभरच्या नदीगाळांतली राख टोबाच्या शेवटच्या उद्रेकाशी जोडली. टोरांटोच्या जॉन वेस्टगेट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरगॉनचा नाद सोडून काचेचीच रासायनिक तपासणी केली. प्रत्येक उद्रेकाच्या काचेत मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं, अंगठ्याच्या ठशासारखं. १९९८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: भारतीय द्वीपकल्पातली टोबाची सगळी राख एकाच उद्रेकाची आहे, ७५ हजार वर्षांपूर्वीच्या. बोरीही त्यात आलं, आणि कऱ्हेकाठचं मोरगावही, जिथे १९९०च्या दशकात अशीच राख मिळाली होती.

१४ लाखांवरून ७५ हजारांवर येणं म्हणजे पणजोबा म्हणून ओळख करून दिलेला माणूस नातू निघण्यासारखं. पण आधीची मोजणी कुणी निष्काळजीपणे केली नव्हती. अडचण नदीची होती. आकाशातून पडलेली राख मुळात काही सेंटीमीटरांची असणार. पावसानं ती उतारावरून धुऊन आणली आणि खोलगट जागी साचवली, म्हणून आज ती जाड दिसते. या प्रवासात तिच्यात इथल्या काळ्या दगडाची बारीक वाळू मिसळली, आणि त्या वाळूत ६ कोटी वर्षांचा आरगॉन साठलेला. चिमूटभर भेसळ झाली तरी राख लाखो वर्षांनी म्हातारी दिसणार. पाहुणीच्या वयात यजमानाचं वय मिसळलं गेलं.

वाद एवढ्यावर मिटला नाही. २०११ मध्ये शीला मिश्रा आणि ब्रिटिश भूशास्त्रज्ञ रॉब वेस्टअवे यांनी पुन्हा मांडणी केली, की बोरीची राख टोबाचीच पण आठ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असावी. म्हणणं हवेतलं नव्हतं. त्या जुन्या उद्रेकाची राख हिंदी महासागराच्या तळातल्या गाळात खरोखर आहे. आणि हातकुऱ्हाडींचं घडीव रूप पाहता त्या ७५ हजारांच्या बाजूच्या वाटत नाहीत, हा पुरातत्त्वज्ञांचा आक्षेपही रास्त होता. २०१४ मध्ये निक पिअर्स, वेस्टगेट आणि इतरांनी काचेचा एकेक कण वेगळा करून तपासला आणि उत्तर तेच आलं: ७५ हजार. आज बहुतेक अभ्यासक हेच वय धरतात.

मग त्या कुऱ्हाडी कुणाच्या?

या वादात एक गृहीत दोन्ही बाजूंच्या मागे होतं: राखेचं वय कळलं की कुऱ्हाडीचं कळलं. नदीकाठी ते तसं नसतं. पूर आला की नदी लाखभर वर्षांपूर्वीचा गोटा उचलून कालच्या वाळूवर ठेवते. कुकडीनं जुन्या थरांतल्या कुऱ्हाडी उकरून राखेच्या शेजारी आणून टाकल्या असतील तर दोघींचा सहवास हा निव्वळ योगायोग. राखेनं सांगितलं ते फक्त स्वतःचं वय. कुऱ्हाडींचं त्यांनाच विचारावं लागेल.

उलट बाजूही आहे. शोणच्या खोऱ्यात हातकुऱ्हाडी सव्वा ते दीड लाख वर्षांपूर्वीपर्यंत घडवल्या जात होत्या असं दिसलं आहे. म्हणजे हे हत्यार भारतात फार उशिरापर्यंत टिकलं. 'जुनाट घडण म्हणजे जुनं वय' ही समजूतही पूर्ण भरवशाची नाही.

'सर्वांत जुना' हा किताब तर बोरीच्या हातून वेगळ्याच वाटेनं गेला. २०११ मध्ये शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथल्या हातकुऱ्हाडींचं वय सुमारे १५ लाख वर्षं दाखवलं. राखेचा आधार न घेता, खुद्द दगडांवर पडलेल्या वैश्विक किरणांच्या परिणामांवरून. बोरीसाठी इतकी वर्षं ज्या आकड्यावर भांडण झालं, त्याहून मोठा आकडा दुसऱ्याच नदीकाठी निघाला. भारतात १४ लाख वर्षांपूर्वी कुऱ्हाड घडवणारा माणूस होता का, याचं उत्तर होकारार्थीच ठरलं. फक्त साक्षीदार बदलला.

मात्र ७५ हजार हे वय स्वीकारलं की बोरीची राख दुसऱ्या एका मोठ्या प्रश्नात येऊन बसते. १९९८ मध्ये स्टॅनली अँब्रोझ यांनी असं मांडलं, की टोबामुळे जगभर वर्षानुवर्षं थंडी पडली आणि आपली जात नामशेष होता होता वाचली. मग राख ज्यांच्या डोक्यावर पडली त्या भारतातल्या माणसांचं काय झालं? बोरीच्या पहिल्या मोजणीतलेच कोरीसेट्टर पुढे केंब्रिजच्या मायकेल पेट्राग्लिया यांच्याबरोबर आंध्रातल्या ज्वालापुरमला या प्रश्नाच्या मागे गेले. तिथे राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे दगडी हत्यारं मिळाली आणि घडण जवळपास सारखी. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. माणसं तगली होती, किंवा लवकरच परतली होती. बंगालच्या उपसागरातल्या गाळाच्या परागकणांवरून मार्टिन विल्यम्स यांनी मात्र उद्रेकानंतर मध्य भारतात झाडी घटून गवत वाढल्याचं दाखवलं. मलावीच्या गाळात थंडीची खूण नाही. म्हणजे संकट आलं, पण सगळीकडे सारखं नाही, आणि माणूस त्यातून निभावला.

दरड

टोबाच्या कॅल्डेराला २०२० मध्ये युनेस्कोनं जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला. उद्रेकाचं एक टोक तिथे जपलं जातंय. दुसरं टोक आपल्या नदीकाठच्या दरडीत आहे. या खोऱ्यांमधल्या घळी सपाट करून शेतं होतात, नदीची वाळू उपसली जाते, काठची पोयट्याची माती वाहून नेली जाते. ज्यांच्या हातून हे होतं त्यांना दोष द्यावा असंही नाही. त्या दरडीत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ज्वालापुरमला तर घासण्याच्या पावडरीसाठी ही राखच खणून नेत.

बोरीचा वाद तीन दशकं चालू शकला, कारण प्रत्येक पिढीला नवी पद्धत घेऊन त्याच थराकडे परत जाता आलं. १९९५ मध्ये आकडा खाली आला, १९९८ मध्ये आणखी खाली, २०११ मध्ये शंका घेतली गेली, २०१४ मध्ये एकेका कणापाशी जाऊन ती तपासली. मूठभर राख दर वेळी जागेवर होती. हातकुऱ्हाडींचा प्रश्न अजून उघडा आहे आणि त्याचं उत्तर उद्याच्या एखाद्या पद्धतीतून येईल. तेव्हा कुणीतरी पुन्हा नारायणगावात उतरेल, वारूळवाडीवरून बोरीला जाईल आणि नदीच्या काठावर उभं राहील. त्या दिवशी दरड तिथे असायला हवी.